अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा: मंडळीतल्या गटासाठी

रविवारी चर्चमध्ये उपासना संपता संपता घोषणा होते. अमुक काकांना अर्धांगवायूचा झटका आला होता, सिव्हिलमधून घरी सोडलंय, मंडळीने हातभार लावावा. वीस हात वर होतात. पहिल्या आठवड्यात त्या घरात सफरचंदांच्या पिशव्या ठेवायला जागा उरत नाही, तिसऱ्या आठवड्यात येणारे दोघंच राहतात, आणि दीड महिन्यात त्या दोघांपैकी एकाची कंबर धरते. मन कोणाचंच खोटं नसतं. पण किंमत कोणी आधी मोजलेली नसते.

लूकच्या शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात बुरूज बांधायला निघालेल्या माणसाला प्रभू आधी खाली बसून हिशेब करायला सांगतो. पाया घालून काम अर्धवट राहिलं तर लोक हसतील, म्हणून. सेवेत लोक हसत नाहीत. अर्धवट सोडलेला माणूस कुशीवर न वळता तसाच पडून राहतो आणि त्याच्या माकडहाडावर जखम होते. म्हणून हात वर करण्याआधी वही काढायची.

हिशेब

एका रुग्णाला रोज सकाळी दोन तास, दोन माणसं, एवढं धरा. अंग पुसणं, डायपर, चादर, कूस बदलणं, नाश्ता भरवणं हे दोन तासांत बसतं. घाईने दीड तासात उरकता येतं, पण मग भरवण्यातच घाई होते आणि ठसका लागतो. सोमवार ते शनिवार म्हणजे आठवड्याच्या बारा पाळ्या. एकाला आठवड्यात दोनच पाळ्या द्यायच्या, म्हणजे सहा माणसं लागतात, आणि दोन राखीव. आठ नावं जमली नाहीत तर होकार देऊ नका. रोजऐवजी आठवड्यातून तीन दिवस येऊ, असं त्या घराला स्पष्ट सांगा. तीन दिवस नक्की येणारी माणसं त्या घराला परवडतात. सहा दिवसांचा शब्द देऊन कधीही गैरहजर राहणारी नाही परवडत.

पाळ्यांचा तक्ता आठवड्याचा करा, महिन्याचा नको. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कंपन्यांतल्या माणसाची शिफ्ट बदलली की महिन्याचा तक्ता कोलमडतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागा असलेले भाऊ ऑक्टोबर छाटणीत आणि फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत मिळणार नाहीत, हे आधीच धरून चाला. नाताळच्या आठवड्यात क्वायरवाले सगळे गायब असतात. नाशिकरोडहून सातपूरला जाणाऱ्याचं येऊन-जाऊन पंचवीस-तीस किलोमीटर पेट्रोल जळतं, म्हणून शक्यतो जवळपास राहणाऱ्यांचीच नावं घाला. सिंहस्थाचा काळ असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. 2015 मध्ये शाही स्नानाच्या दिवशी शहराच्या मोठ्या भागात खासगी वाहनं बंद होती. पंचवटीतल्या रुग्णासाठी अशा दिवसांपुरती चालत पोहोचू शकणारी दोन माणसं आधीच ठरवून ठेवावी लागतात.

पैसेही लिहून काढा. दिवसाला तीन डायपर म्हणजे महिन्याला नव्वद. एकाची किंमत ब्रँडनुसार साधारण तीस ते पन्नास रुपये धरली तर नुसत्या डायपरचेच सत्तावीसशे ते साडेचार हजार होतात. त्यावर हातमोजे, अंडरपॅड, साबण, आणि एकदाच घ्यायची एअरबेडची गादी. ही गादी मंडळीच्या मालकीची ठेवा, पुढच्या रुग्णाला उपयोगी पडते. रोख रक्कम एकाच्या खिशात राहू नये. दोघांच्या सह्या, प्रत्येक पावती वहीत चिकटवलेली, आणि दर महिन्याला हिशेब वडीलजनांपुढे. प्रामाणिक माणसाला हा संशय वाटतो, पण खरं तर या वहीमुळेच तो उद्याच्या संशयातून वाचतो.

सरकारी मदतीची चौकशी गटातल्या एकाने अंगावर घ्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार लागतं, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेची माहिती देणाऱ्या माणसाचं टेबल असतं. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून आलेल्या नातेवाइकांना हे टेबल कुठे आहे तेच माहीत नसतं. कागद घेऊन त्यांच्यासोबत अर्धा दिवस बसलं, तर फळांच्या दहा पिशव्यांपेक्षा जास्त काम होतं.

शेवटचा खर्च तुमच्या स्वतःच्या घराचा. सकाळी सहाला तुम्ही बाहेर पडलात तर मुलांचे डबे कोण भरणार? नवऱ्याला किंवा बायकोला विचारल्याशिवाय नाव देऊ नका. तुमच्या सेवेचं बिल घरातल्या दुसऱ्या माणसाने भरायचं आणि मंडळीपुढे साक्ष तुम्ही द्यायची, हे बरोबर नाही.

जाण्याआधी

रुग्णालयातून सोडतानाच तिथल्या नर्सकडून दोन गोष्टी करून दाखवायला सांगा, कूस कशी बदलायची आणि लघवीची नळी कशी सांभाळायची. डिस्चार्ज कार्डाचा फोटो गटप्रमुखाकडे असावा. कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, इन्सुलिन ही कामं शिकलेल्याशिवाय कोणी करायची नाहीत. भावनेच्या भरात केलेलं ड्रेसिंग जंतू आत सोडून जातं.

सेवा करणाऱ्यांनी हिपॅटायटिस बी ची लस घ्यावी. तीन डोस असतात, पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. रुग्णाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी करून घ्या. निदान होईपर्यंत एन-95 मास्क लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा. तुमच्या घरी लहान बाळ किंवा केमोथेरपी घेणारं कोणी असेल तर अशा रुग्णाची पाळी दुसऱ्याने घ्यावी. यात विश्वास कमी पडल्याचा काही प्रश्न नाही.

बाईची अंगस्वच्छता बायकांनीच करायची, पुरुषाची पुरुषांनी. एकट्याने कधीच जायचं नाही. पाळीतला जोडीदार आला नाही तर बाहेर थांबा, राखीव माणसाला फोन लावा. किल्ल्या, कपाट, एटीएमचा पिन यांना हात लावायचा नाही, घरच्यांनी आग्रह केला तरी. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा एक दिवस तुमच्यावर चोरीचा आळ घेतील. तेव्हा जोडीदार आणि वही, या दोनच गोष्टी उपयोगी येतात.

कूस बदलणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे नीट समजून घ्या. पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायला हवी. पाठ, डावी कूस, पुन्हा पाठ, उजवी कूस. तुम्ही दोन तासच असणार, म्हणजे उरलेले बावीस तास घरच्यांचे. म्हणून वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा, आणि घरातल्या एकाला रोज तुमच्यासोबत हे करायला लावा.

एक जुनी सुती चादर आडवी दुमडून खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी रुग्णाखाली घाला. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, चादरीच्या कडा अंगाजवळ गुंडाळत आणायच्या आणि तळवे वर ठेवून घट्ट धरायच्या. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ. ‘काका, आता तुम्हाला वर घेतोय’ असं आधी सांगायचं, मग एक-दोन-तीन म्हणून दोघांनी एकदम उचलायचं. ओढायचं नाही. ओढलं की चादर कातडी धरून ठेवते आणि आतलं हाड पुढे सरकतं. त्या घासण्याने आत जखम सुरू होते, जी वरून चार दिवस दिसतही नाही. बखोटीला धरून वर खेचणं तर अजिबात नको. अर्धांगवायूच्या बाजूचा खांदा त्याने निखळू शकतो.

कुशीवर घेताना पूर्ण आडवं करू नका. पाठीमागे उशी लावून साधारण तीस अंशांचा कल द्या, म्हणजे वजन माकडहाडावरही येत नाही आणि खुब्याच्या हाडावरही. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक पातळ उशी. पोटऱ्यांखाली दुसरी, टाचा हवेत राहतील अशी. मधे भोक असलेली रबरी चकती पूर्वी वापरायचे. ती वापरू नका, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी तुटतो.

प्रत्येक वळणाला माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू आणि कानाची पाळी पाहा. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोडा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर जखमेची ही पहिली पायरी आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा टणक लागतंय का ते हाताच्या मागच्या बाजूने बघावं लागतं. अशा जागेवर तेल लावून चोळू नका. आपल्याकडे प्रेम म्हणजे मालिश, त्यामुळे हे सांगूनही पटत नाही. पण आत नाजूक झालेल्या रक्तवाहिन्या चोळल्याने फुटतात. त्या कुशीवर पुन्हा झोपवायचं नाही, आणि त्याच दिवशी नर्सला किंवा डॉक्टरांना कळवायचं.

तुमच्या कंबरेसाठीही एक गोष्ट. पलंग बुटका असेल तर चारही पायांखाली सारख्या उंचीचे लाकडी ठोकळे घाला, हलवून पाहा, मगच रुग्णाला ठेवा. गादी जमिनीवर असेल तर एक गुडघा टेकूनच काम करा. वाकून केलेल्या दहा पाळ्यांनंतर तुम्हालाच कोणाच्या तरी सेवेची गरज पडेल.

अंग पुसणं आणि डायपर

योहानाच्या 13व्या अध्यायात पाय धुण्याचा प्रसंग आहे. कामाचा क्रम तिथे किती नेटका आहे पाहा. प्रभू भोजनावरून उठतो, बाह्यवस्त्रं काढून ठेवतो, रुमाल कंबरेला बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि मग पायांना हात लावतो. सगळी तयारी आधी. शिवाय त्या रात्री बारा शिष्यांमध्ये त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते.

तेव्हा पांघरूण काढण्याआधी सगळं हाताशी घ्या. दोन बादल्या कोमट पाणी, सौम्य साबण, चार मऊ फडकी, दोन टॉवेल, हातमोजे, नवा डायपर, स्वच्छ कपडे, कचऱ्याची पिशवी. पाणी कोपराने तपासा, बोटांना उष्णतेची सवय झालेली असते. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची पहाट बोचरी असते, म्हणून खिडकी लावून घ्या आणि एका वेळी एकच अवयव उघडा. बाकी अंग झाकलेलंच राहू द्या. थंडीपेक्षाही हे लाजेसाठी. जो माणूस आयुष्यभर कडक इस्त्रीचा शर्ट घालून उपासनेला आला, त्याला आज दोन परक्या माणसांसमोर उघडं व्हावं लागतंय.

डोळे आधी, साध्या पाण्याने, नाकाकडून कानाकडे. मग चेहरा, हात, काखा, छाती, पोट, पाय, पाठ. गुह्यांग सगळ्यात शेवटी, दुसऱ्या बादलीतल्या पाण्याने आणि वेगळ्या फडक्याने. बायकांचं नेहमी पुढून मागे पुसायचं, नाहीतर शौचाचे जंतू लघवीच्या मार्गात जातात. घड्यांमध्ये, बोटांच्या बेचक्यांत टिपून कोरडं करा, घासू नका. पावडर थापू नका, ओलाव्यात तिचे गोळे होतात आणि कातडी सोलते. खोबरेल तेलाचा पातळ हात कोरड्या जागी फिरवला तर पुरे.

नळी असेल तर पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली टांगलेली हवी. कूस बदलताना ती आधी हलवा, नाहीतर ती अडकते आणि नळी खेचली जाते. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. लघवीचा रंग आणि अंदाजे माप वहीत लिहा. तीन-चार तासांत काहीच आलं नाही तर डॉक्टरांना फोन.

किळस येईल. येणारच. तोंडाने श्वास घ्या, मास्कच्या आत थोडा व्हिक्स लावा, आणि चेहरा मात्र आक्रसू देऊ नका. रुग्णाची नजर त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावरच असते. पोट ढवळलं तर जोडीदाराला खूण करून दोन मिनिटं बाहेर जा. काहीजणांना हे काम कधीच जमत नाही. त्यांनी धुणं, औषधं आणणं, बँकेच्या रांगा ही कामं घ्यावीत. ती कमी मोलाची मुळीच नाहीत.

भरवणं

झोपेत, गुंगीत किंवा आडवं असताना कधीच भरवू नका. शक्य तितकं ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली. चहाचा चमचा, एका वेळी अर्धा, गिळल्याची खात्री झाल्यावर पुढचा. गिळल्यावर खोकला येतोय किंवा आवाज ओला, घोगरा येतोय तर अन्न श्वासनळीकडे जातंय असं समजा आणि थांबा. पातळ पाणी सगळ्यात अवघड असतं. नागलीची दाटसर पेज किंवा घोटलेली मऊ खिचडी सोपी जाते. पातळ रश्शात भिजवलेले भाकरीचे तुकडे धोक्याचे, कारण तोंडात पाणी आणि घन दोन्ही एकदम येतं. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा आणि ओल्या कापडाने तोंड आतून पुसा. गालात दडलेला घास दुपारी घशात उतरतो.

अचानक तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं किंवा धाप लागणं दिसलं की 108 ला फोन करा. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा, रुग्णालयात पहिला प्रश्न तोच येतो.

घरचे, प्रार्थना आणि फोटो

या सगळ्यात खरी पिचलेली असते ती घरची सून किंवा मुलगी. तुम्ही आलात की तिने चहा टाकायचा, हे बंद करा. साफ नाही म्हटलं तर आपल्याकडे अपमान वाटतो, म्हणून शनिवारी एक कप ठरवून घ्या, बाकी दिवस पाण्याची बाटली आपली. तिला सांगा, ‘ताई, हे दोन तास तुमचे. झोपा, नाहीतर बाजारात जाऊन या.’ ती सुरुवातीला जाणार नाही. दुसऱ्या आठवड्यात जाते.

रुग्ण ख्रिस्ती नसेल तरी सेवेत फरक नको. प्रार्थना त्याने मागितली तर करा, छोटी. पत्रकं नेऊ नका, अगतिक माणसाच्या उशाशी धर्माची चर्चा काढू नका. त्याला हरिपाठ ऐकायचा असेल तर मोबाइलवर लावून द्या.

फोटो मुळीच काढायचे नाहीत. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही नाही, पाळकसाहेबांनी मागितले तरी नाही. डाव्या हाताला उजव्याचं कळू नये हे मत्तयाच्या 6व्या अध्यायात आहेच, शिवाय डायपरमधल्या माणसाने फोटोला दिलेली संमती ही संमती नसते.

आठ आठवड्यांनंतर

शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्यांना आठवण असेल-नसेल, पण एकोणिसाव्या शतकात तिथल्या मिशनच्या शाळेत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासात होता. 1873 मध्ये लिव्हिंग्स्टन वारला तेव्हा सुसी आणि चुमा यांच्या पुढाकाराने सोबत्यांनी त्याचा देह दीड हजार किलोमीटरच्या वर खांद्यावरून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. निघण्याआधी त्याचं हृदय तिथेच पुरलं तेव्हा जेकबने दफनाची प्रार्थना वाचली, आणि सामानाची यादीही लिहून काढली. एवढ्या दुःखातही यादी केली, म्हणून सामान पोहोचलं.

तुमच्या वहीतही तारीख, वेळ, कूस, खाणं, लघवी, शौच, औषध आणि दोघांची नावं रोज यायला हवीत. आठव्या आठवड्यात ती उघडली की कोण थकलंय ते दिसतं. एकाच माणसाचं अक्षर सलग चार दिवस आलं असेल तर तक्ता मोडलाय. प्रेषितांच्या कृत्यांच्या 6व्या अध्यायात विधवांच्या वाटपात आबाळ झाली तेव्हा प्रेषितांनी स्वतः जास्त राबायचं ठरवलं नाही, सात माणसं निवडून घेतली. नवीन नावं शोधा. प्रत्येकाला सहा आठवड्यांनंतर एक आठवडा सक्तीची सुट्टी द्या, त्याने नको म्हटलं तरी. मार्कच्या 6व्या अध्यायात शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती, तेव्हा एकांतात चला, थोडा विसावा घ्या, असं त्यांना सांगितलं गेलं. सुट्टीत त्या घरी फोनही करायचा नाही.

थकलेला माणूस कसा ओळखावा? तो रुग्णावर चिडत नाही, घरच्यांवर चिडतो. ‘यांना काही पडलेलीच नाही’ हे वाक्य दोनदा ऐकलं की त्याची पाळी काढून घ्या.

रुग्ण बरा झाला तर पाळ्या एकदम थांबवू नका. आधी रोजऐवजी आठवड्यातून तीन दिवसांवर आणा, मग एकावर. तो गेला, तर दफनानंतरचा दुसरा महिना लक्षात ठेवा. पहिल्या महिन्यात पाहुणे असतात, दुसऱ्यात ती सून एकटी असते, आणि आठवड्यातून एकदा कोणी जाऊन बसणारं लागतं. एअरबेडची गादी साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा, कडक उन्हात तिच्या नळ्या तडकतात. पंप चालू करून सगळे कप्पे फुगतात का पाहा, छिद्र असेल तर ठिगळ लावून मगच गुंडाळा, आणि वहीच्या नव्या पानावर पुढच्या रुग्णाचं नाव लिहा.